पुलगावात आलेली चार तारांची गिटार

पुलगाव,
एप्रिल १९५८

ती. मामाजींना जावई प्रेमदासचा सविनय जय भीम.

सासूबाईंचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला थांबला असेल असं धरून चालतो (थांबला नसेल तर बिडीचं नाव मी काढत नाही, तुम्हीच समजून घ्या). इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत.

जावई विलायती तुणतुणं घेऊन बसला आहे, ही बातमी वडनेरपर्यंत पोचली असेलच. ती खरी आहे. आमच्या शेजारचे रेल्वेचे गार्डसाहेब रिटायर होऊन जबलपूरला गेले आणि जाताना विजेवर वाजणारी गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारी पेटी मला देऊन गेले. गिटारीला तारा चारच. दोन तुटून पडल्या असतील असं समजून मी रविवारी वर्ध्याच्या वाद्यांच्या दुकानात गेलो आणि राहिलेल्या दोन मागितल्या. दुकानदारानं ती उलटसुलट पाहिली आणि शांतपणे सांगितलं, की ही जातच चार तारांची, हिला टेनर म्हणतात (हा शब्द मी परतीच्या गाडीत पाठ करत आलो, डब्यातले लोक सरकून बसले).

मिलचा वायरमन चंद्रभान आमच्याच रांगेत राहतो. त्यानं पेटी जोडून दिली. बटण दाबताच ती अशी घुमायला लागली की मिलचा भोंगा झाला समजून दोघेजण डबे घेऊन निघाले. मी घाबरून दुसरं बटण फिरवलं, तर फ्यूज उडून रांगेतले सगळे दिवे गेले. लोक मला काय बोलले ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. पुढे तारा सुरात लावायला बसलो. सूर म्हणजे तार घट्ट, एवढीच माझी समजूत. पिळत गेलो आणि बारीक तार तुटून नाकावर बसली. बोटांना असे फोड आले की मिलमध्ये मागावर तुटलेला धागा बांधता येईना.

तुमची लेक आनंदा हे सगळं भाकरी थापता थापता पाहत होती. नवी तार बसवल्यावर एका संध्याकाळी तिनं पदराला हात पुसले, गिटार मांडीवर घेतली, जाड तार छेडली, डोळे मिटून गुणगुणली आणि पुढची तार हळूहळू वर आणली. मग मला म्हणाली, "जाडीचा सा धरा, तं दुसरी तिचा प हाय. तिसरी दुसरीचा प. बाबाच्या बाजाच्या पेटीजवळ बसून हेच तं आयकलं मी."

मामाजी, तुमच्या पेटीला हात लावायची तिला मनाई होती, हे ती बोलली नाही. मला ते सासूबाईंकडून माहीत आहे.

त्यानंतर महिनाभर घरात भाकऱ्या मी थापल्या (आकार विचारू नका). परवा तिनं आपल्या मंडळाचं बुद्धवंदनेचं गाणं वाजवलं. नळावरच्या बायका भरलेल्या घागरी घेऊन दारात उभ्या राहिल्या. फ्यूजकडे लक्ष ठेवायला आलेला चंद्रभान पायरीवरच बसला आणि फ्यूज विसरला. मी तिच्याकडे पाहत होतो. इतकी वर्षं हिला ओळखतो असं समजत होतो, पण वाजवताना हिचा चेहरा असा होतो हे मला माहीत नव्हतं. सासूबाईंना नमस्कार सांगावा.

आपला,
प्रेमदास

ता. क. चंद्रभान मंडळाचा सेक्रेटरीही आहे. बुद्धपौर्णिमेला आनंदानं मंचावर वाजवावं असं मंडळानं ठरवलं आहे. बायकांनी चारचौघांत वाजवू नये हे तुमचं मत मी जाणतो, म्हणून हात जोडून परवानगी मागतो. फलकावर "वडनेरच्या बाबारावांची कन्या" असं रंगवून झालं आहे, आणि रंग पक्का आहे.

दुसरा ता. क. आनंदानं हे पत्र वाचलं. ती म्हणते, "परवानगी काऊन मांगता? ते खोडा, अन् यायची गाडी लिहा." खोडाखोड बरी दिसत नाही म्हणून तसंच ठेवलं आहे. गाडी तिच्याच शब्दांत लिहितो: वर्ध्याहून दुपारची पॅसेंजर धरजा. पुढची जागा आईची आहे. तुमची तिच्या शेजारी.