माहिती पुसण्याची विनंती मिळाली

प्रिय घाईबाई,

तुझा अर्ज मिळाला. ‘आपल्या संस्थेकडे असलेली माझी सर्व वैयक्तिक माहिती तीस दिवसांत कायमची पुसून टाकावी व तसे लेखी कळवावे.’ मायना ‘माननीय डेटा संरक्षण अधिकारी’. आपल्या चष्म्याच्या दुकानात हे पद मीच सांभाळते. काचा पुसायचं आणि शटर ओढायचंही. खाली तुझं पूर्ण नाव. अकरा वर्षांनी तुझी खबर आली आणि तीत मी ‘आपली संस्था’. दुपारपर्यंत मी एकाही गिऱ्हाइकाशी धड बोलले नाही.

मग भाचीने तो मेल पाहिला आणि हसतच सुटली. मावशी, हे तिने लिहिलेलंच नाही, म्हणाली. असा एक प्रोग्राम असतो, तो माणसाची मेलपेटी चाळतो आणि जिथून जिथून मेल आलाय त्या प्रत्येकाला हेच पत्र धाडतो. बँक, चपलांचं दुकान, सगळ्यांना एकदम. तिला पत्ताही नसेल. मी विचारलं, पण आपण तिला मेल कधी पाठवला? तेव्हा बाईसाहेब नखं बघायला लागल्या. झालं असं, की जुनी कार्डं कॉम्प्युटरवर चढवताना तिने तुझंही चढवलं, आणि कॉम्प्युटर दर वर्षी आपणहून तुला ‘डोळे तपासण्याची वेळ झाली, अवश्य यावे’ असं कळवत राहिला. तू ते उघडलंही नसशील. म्हणजे आपण दोघी तोंड फिरवून बसलोय आणि आपली यंत्रं इमानेइतबारे पत्रव्यवहार करताहेत. एक म्हणतंय या, दुसरं म्हणतंय मला विसरा. मग मीही हसले. इतकी, की चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आलेले गृहस्थ उद्या येतो म्हणून निघून गेले.

हो, कॉम्प्युटर. बरोबर वाचलंस. दुकानात तो हवा म्हणून तू भांडलीस, नको म्हणून मी भांडले, तू भागीदारी मोडून निघून गेलीस, आणि सहाच महिन्यांत मी तो घेतला. तुझं बरोबर होतं. हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा जपून ठेव.

आता कामाचं. कॉम्प्युटरवरचा तुझा फोन, जन्मतारीख, पत्ता सगळं पुसलं. भाचीला पाच सेकंद लागले. पत्ता मात्र मी आधी या लिफाफ्यावर उतरवून घेतला. नियमात बसतं का ते विचारू नकोस. अडचण आहे ती कागदाची. स्वतःचे डोळे स्वतःला तपासता येत नाहीत, म्हणून दर वर्षी एका सकाळी, दुकान उघडायच्या आधी, मी तुझे तपासायची आणि तू माझे. नोंद एकाच कार्डावर. पुढच्या बाजूला माझ्या अक्षरात तू: ‘उजवा मायनस अडीच. प्रश्न संपायच्या आत उत्तर देते.’ मागच्या बाजूला तुझ्या अक्षरात मी: ‘शेवटची ओळ पाठ आहे, विश्वास ठेवू नये.’ मी कात्री घेऊन बसले होते. तुझी बाजू कापली की माझीही जाते.

आणि माझी बाजू मला लागते, कारण तिच्यापुढे नोंदच नाही. अकरा वर्षं मी कोणाला डोळे दाखवलेले नाहीत. भाची कितीदा म्हणाली, बस ना मावशी, दोन मिनिटांचं काम. मी दर वेळी तिला काहीतरी काम लावून दिलं. परवा तिने समोरच्या इमारतीवरची पाटी वाचायला सांगितली. मी बरीच पुढे वाकले आणि मग म्हटलं, घाण झालीय, पुसायला सांग त्यांना. पाटी आदल्याच दिवशी रंगवलेली होती. चष्मे विकणाऱ्या बाईची ही गत, आणि कारण इतकंच, की त्या खुर्चीत मला दुसऱ्या कोणासमोर बसायचं नव्हतं. तेव्हा निर्णय असा. अर्ज यंत्राचा असेल तर तो फेटाळला आहे. तुझा असेल तर स्वतः येऊन काप, कात्री मी देईन. पण माझे डोळे तपासून झाल्यावर. गुरुवारी दुकान बंद असतं. दहाला ये, मी मागचं दार उघडं ठेवते.

तुझीच,
अंधुक आणि हट्टी