भिंतीचे नऊ इंच

३ मार्च, मंगळवार

नोटीस आली. शटरच्या फटीत खोचून गेले, हातात द्यायचीही तसदी घेतली नाही. जुना बाजार पाडणार. सगळ्या गल्ल्या मिळून एकच इमारत, सरकते जिने, काचा. ज्यांच्या दुकानाचं तोंड निदान पंधरा फूट, त्यांना तळमजला. बाकीच्यांना तिसरा.

माझ्या दुकानाचं तोंड सात फूट दोन इंच.

लेक फोनवर म्हणाली, "आई, एका बटणासाठी तिसऱ्या मजल्यावर कोण चढणार गं?" खरं आहे तिचं. बटण काही ठरवून घ्यायची वस्तू नाही. माणूस जाता जाता शर्टाकडे बघतो, एक तुटलेलं दिसतं आणि आत शिरतो.

५ मार्च, गुरुवार

दुपारी गिऱ्हाईक नसलं की ह्यांच्या रिकाम्या खुर्चीशी बोलायची सवय जडली आहे. हे गेल्यापासून — चार वर्षं. चांगली मोठ्याने बोलते. बघणारा म्हणेल, बाई कामातून गेली. पण बघायला असतं कोण.

आज सिस्टरची गोष्ट काढली. आमच्या कॉन्व्हेंटात शिवण शिकवायच्या त्या. पट्टीसारख्या ताठ. "बटण आवळून शिवू नका, त्याला श्वास घ्यायला जागा ठेवा," म्हणायच्या. त्यांच्या पांढऱ्या बाहीच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असं, एक निळं काचेचं बटण शिवलेलं होतं. शाळेच्या शेवटच्या दिवशी मी धीर करून विचारलं, "सिस्टर, हे कुणाचं?" — इथवर आले आणि समोरचे शिंपीकाका कोटाच्या बटणांसाठी दारात उभे. गोष्ट अर्धीच राहिली.

त्यांनी त्याच रंगाचा दोराही मागितला. नेहमीचं उत्तर दिलं — शेजारी मिळेल.

९ मार्च, सोमवार

शेजारी म्हणजे माझी धाकटी जाऊ. बावीस वर्षांत तिचा याहून जास्त उल्लेख माझ्या तोंडून झाला नाही.

दुकान एकच होतं. दोघा भावांचं भांडण कशावरून, तर छताच्या पंख्यावरून! पंखा कुणाच्या टेबलावर असावा? तेवढ्यावरून मधे भिंत उभी राहिली. बटणं इकडे आली. दोरे, लेस, अस्तर तिकडे गेलं. पंखाही तिकडेच गेला. गिऱ्हाइकाला मात्र बटणही लागतं आणि दोराही. म्हणून मी तिकडे पाठवायची, ती इकडे पाठवायची. कुठली दुश्मनी अशी चालते, कोण जाणे.

आधी दीर गेले, मग हे. आम्ही दोघी आपापल्या बाजूला बसून भांडण सांभाळतो आहोत.

१२ मार्च, गुरुवार

शिंपीकाका बटणं बदलून घ्यायला आले. टेप गळ्यातच असतो त्यांच्या. जाता जाता दोन्ही दुकानांची तोंडं मोजली.

"तुमचं सात दोन, तिचं सात दोन. झाले चौदा फूट चार इंच," म्हणाले.

"म्हणजे एकत्र केलं तरी कमीच."

"अहो वहिनी, भिंत राहिली ना मोजायची! नऊ इंचांची आहे. ती पाडलीत तर पंधरा फूट एक इंच."

नऊ इंच. इतकी वर्षं ते कुणाच्याच वाट्याला नव्हते.

१३ मार्च

दोनदा उठले. दोनदा परत येऊन बसले.

१४ मार्च, शनिवार

गेले.

जाऊ काउंटरमागे बसली होती. केस माझ्याहून पांढरे झालेत. मधे पडदा ओढलेला, मागचं दुकान दिसत नव्हतं. मी उंबऱ्यातूनच घडाघडा सांगितलं. मोजणी गुरुवारी, त्याआधी भिंत पाडायला हवी, गवंडी बुधवारी यायला तयार आहे, भिंतीवर भार नाही.

तिने हातातलं दोऱ्याचं रीळ खाली ठेवलं. मग म्हणाली, "ताई, बसा तरी आधी. उभ्याउभ्या काय बोलता, मी काय मोजणीवाली आहे?"

बसले. डोक्यावर पंखा फिरत होता. एवढ्या भांडणाचा पंखा, पण वारा बेताचाच.

"पाडू या," ती म्हणाली. "पण तुम्हाला नंतर वाईट नको वाटायला."

कशाचं, ते सांगेना.

१८ मार्च, बुधवार

भिंत पडली. सकाळी सुरू केलं, जेवायच्या वेळेला संपलं. गवंड्याने दाखवलं, भिंत छताला टेकलेलीच नव्हती. वर वीतभर फट होती. माझ्या कपाटांमागे मला कधी दिसलीच नाही.

धूळ बसली तसं पलीकडचं दिसायला लागलं. तिने पडदा काढून ठेवला होता. फळ्या रिकाम्या. लेस नाही, अस्तर नाही, खोकीसुद्धा नाहीत. दोऱ्यांची एकच फळी, मी पाठवते त्या गिऱ्हाइकांपुरती.

"हे कधीपासून?"

"झाली तीन वर्षं. माल भरायचं सोडूनच दिलं."

"मग रोज येऊन शटर कशाला उघडायचीस? तुझा मुलगा सांभाळायला तयार आहे ना?"

ती झाडू घेऊन विटांचा चुरा गोळा करायला लागली. म्हणाली, "पाय सांभाळा, ताई. खिळे आहेत."

१९ मार्च, गुरुवार

मोजणी झाली. माणूस तरुण, घाईत. लोखंडी टेप, दोनदा धरला. मी आणि जाऊ दारात शाळकरी मुलींसारख्या उभ्या. पंधरा फूट एक इंच. फॉर्मवर दोघींच्या सह्या झाल्या.

शिंपीकाकांनी समोरून कात्री हलवून दाखवली. त्यांचं स्वतःचं तोंड नऊ फुटांचं. तिसरा मजला. त्या धांदलीत मला त्यांच्याकडे नीट बघताही आलं नाही.

२० मार्च

दुपारी खुर्चीशी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. समोर जाऊ.

६ एप्रिल, सोमवार

पत्र आलं. तळमजला, दर्शनी बाजू. पाडकाम पुढच्या वर्षी.

गल्ली डोळ्यांत साठवून घ्यायला हवी. शिंपीकाकांच्या मशीनचा आवाज, संध्याकाळी एकामागून एक पडणारी शटरं. पुसायला कापड घेतलं तर ड्रॉवरच पुसत बसले. प्रत्येकाच्या तोंडावर कापडी पट्टी, तिच्यावर आतल्या मालाचं एकेक बटण शिवलेलं. ह्यांनी पट्टी धरायची, मी शिवायचं. एकही अजून तुटलेलं नाही. आवळून शिवलं नव्हतं ना.

७ एप्रिल, मंगळवार

दुपार. गिऱ्हाईक नाही. आम्ही दोघी आपापल्या टेबलापाशी. जाऊ उठली, ह्यांची खुर्ची माझ्याकडे वळवली आणि तीत बसली.

म्हणाली, "ताई, महिना झाला, मी वाट बघतेय. त्या सिस्टरनी सांगितलं का मग — निळं बटण कुणाचं होतं?"