एकशे चौदा बिनचूक ठिपके

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. मामींना वेगळा (एकाच नमस्कारात दोघांना उरकलेले त्यांना खपत नाही). तुमचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळे ठीक. माझी नोकरी मात्र आठवडाभर अंथरुणाला खिळून होती, ती हकीकत कळवतो.

आमच्या प्रयोगशाळेत जुन्या लाकडांचे, हाडांचे वय त्यांत उरलेल्या किरणोत्सर्गी कार्बनवरून काढतात, हे तुम्हाला ठाऊक आहे (मामी अजूनही मी लाकडाच्या वखारीत आहे असेच सांगतात, ते असो). यंत्र ठिकाणावर आहे ना हे पाहायला, दर खेपेला वय आधीच पक्के माहीत असलेल्या एका ओंडक्याचा तुकडाही मोजायचा आणि येईल त्या वयाचा ठिपका भिंतीवरच्या आलेखावर द्यायचा, हे काम माझे. मधली रेघ म्हणजे खरे वय. दोन वर्षांत माझे एकशे चौदा ठिपके त्या रेघेला असे बिलगून बसले, की येता-जाता मी मनातल्या मनात हात जोडत असे. यंदा बढती नक्की, असे हिला सांगूनही बसलो होतो.

मग तपासनीस बाई आल्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी आलेख पाहिला आणि विचारले, "हे कोणी केलं?" मी नम्रपणे पुढे झालो. "छान. आता खरे ठिपके दाखवा."

मामा, अणू कधी फुटेल याला धरबंध नसतो, त्यामुळे प्रामाणिक मोजणी इकडेतिकडे होतेच. तीनांतला एक ठिपका तरी जरा लांब पडायलाच हवा, नाहीतर लबाडीचा वास येतो. दोन वर्षांचे सगळे अहवाल मागे घ्यावे लागतील, असे बाई म्हणाल्या. साहेब माझ्याकडे बघून एवढेच बोलले, "अहो, तुम्ही सुद्धा?"

लबाडी नव्हती हो. जप करताना मन भरकटले की माळ पुन्हा पहिल्या मण्यापासून धरायची, हे तुम्हीच शिकवलेत. ठिपका लांब पडला की मला वाटे, मोजताना आपलेच चित्त कुठेतरी गेले असणार (बहुधा डब्यात). मग नवा तुकडा घेऊन पुन्हा मोजायचे, रेघेवर येईपर्यंत. हे ऐकून बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. मग म्हणाल्या, "आणि मधले आकडे फेकून दिलेत?" फेकतो कसला, ते सगळे एका वहीत 'माझे दोष' या मथळ्याखाली तारीखवार लिहिलेले होते. बाईंनी माझे दोष एकेक करून आलेखावर चढवले, तसे ठिपके रेघेच्या दोन्ही बाजूंना अगदी हवे तसे विखुरले. "यंत्र उत्तम आहे," त्या साहेबांना म्हणाल्या, "माणूस जरा सैल करा." अहवाल वाचले, नोकरी वाचली. बढती गेली.

तुमचा भाचा

ता. क. हे पत्र तिसऱ्या खेपेचे. आधीची दोन फाडणार होतो, पण आता काहीही वगळायला मला मनाई आहे, म्हणून तीही पाकिटात आहेत. पहिल्यात सगळा दोष तुमच्या माळेवर ढकलला आहे. दुसऱ्यात मी नोकरी सोडून कायमचा तुमच्याकडे राहायला येतो आहे. तिन्हींचा मध्य काढून वाचावे.

आणखी ता. क. ही पुढच्या आठवड्यात तिकडे येते आहे. दुसरे पत्र तिच्या हाती लागू देऊ नका. आणि बढतीचे तेवढे तुम्हीच तिला सांगा. मी चारदा सांगायला बसलो आणि चारही वेळा पहिल्या मण्यावरच राहिलो.