चौथी एसएसडी

प्रिय लाईल,

फोनवर कामात आहेस का विचारलं की तू हो म्हणतोस, म्हणून लिहायला बसले. इथे दुलुथला यंदा बर्फ लवकर पडला. तुझे बाबा असते तर वाट साफ करता करता शेजारच्या नॉर्मशी तासभर गप्पा मारल्या असत्या. मी आता एक माणूस लावलाय. तो बर्फ उपसतो आणि न बोलता जातो.

तर, मी कॉम्प्युटरसाठी नवी एसएसडी, ती वेगवान डिस्क, घ्यायची ठरवली. हसू नकोस! मॉलजवळच्या दुकानात गॉर्डी म्हणून एक गृहस्थ आहे, पोट सुटलेला, भारी बोलका. त्याने शिकवलं, डबीवरच्या वेगाला भुलायचं नाही. मोठमोठ्या फायली टाकत गेलं की स्वस्तातली दमते, खरी चाल तेव्हा कळते. टिकाऊपणाचा आकडा दाखवून म्हणाला, व्हर्ना, तुमच्या पाककृती लिहून ही झिजायची नाही, तुमची नातवंडं म्हातारी होतील. मी म्हटलं, आधी होऊ तर देत! केवढा हसला.

पहिली घरी नेली आणि न उघडताच परत केली, वेग कमी वाटतो म्हणून. दुसरीची वॉरंटी कमी. तिसरीत काही खोट सापडेना, तेव्हा रंग आवडला नाही म्हणाले. रंग, लाईल! कॉम्प्युटरच्या पोटात बसणाऱ्या वस्तूचा! गॉर्डीने चेहरा जराही न हलवता चौथी काढली, आणि त्या सगळ्या आम्ही पुन्हा पहिल्यापासून तोलून पाहिल्या. मध्ये त्याच्या बायकोच्या गुडघ्याचीही चौकशी झाली.

काल चौथी परत करायला गेले. काउंटरवरच्या मुलीने अगदी गोड आवाजात सांगितलं की यापुढे माझ्याकडून काही परत घेता येणार नाही. गॉर्डी पलीकडे चार्जर लावत होता, त्याने वर पाहिलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत बसून रडले.

खरं सांगते, कॉम्प्युटरला काहीही झालेलं नाही. तू बसवलेली डिस्क उत्तम चालते. मलाच या घरात बोलायला कुणी नाही. चौथी एसएसडी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला ये आणि बसवून दे. कॉम्प्युटरच्या आतला, ती धरून ठेवणारा इवलासा स्क्रू हरवतो म्हणतात, म्हणून आधीच काढून बटणांच्या डब्यात ठेवलाय. बसवता मलाही येतं, गॉर्डीने शिकवलंय. तरी तू ये.

तुझीच,
आई