मागचा गाभारा

१७ ऑगस्ट, दुपार

ती. वहिनीस,
सा. न.

मी बरा आहे. चिमणीचा ताप उतरला का? तिची शाळा बुडवू नका. इथे पाऊस थांबलाय, पण झाडांमुळे ऊन दरीत उतरतच नाही, कपडे अंगावरच वाळवतो. आचारी अजून भाजीत मीठ विसरतो. दादा एकटाच त्याला बोलायचा. आता कुणी काही म्हणत नाही.

हा दुसरा कागद. पहिल्यावर सवयीने ‘सौ.’ लिहिलं गेलं.

फोनवर तुम्ही एकच विचारलंत, “भाऊजी, यांना घरी कधी आणताय?” मी म्हणालो, कागदपत्रं चालू आहेत. ती थाप होती. वहिनी, दादा अजून आतच आहे.

इथे दोन पडकी देवळं पाठीला पाठ लावून आहेत. पुढचं शंकराचं. मागचं जैनांचं, असं दादा म्हणायचा. आमच्या पुरातत्त्व खात्याचे साहेब मानायचे नाहीत, कारण आतल्या मूर्तीला डोकं नाही आणि जिच्यावरून तीर्थंकर ओळखतात ती बैठकीवरची खूण चिखलात गाडलेली. पावसानंतर आठवडाभर आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम दादाचाच. त्यावरून आम्हाला किती झापायचा! त्या दिवशी चिखल जरा ओसरलेला दिसला आणि हा लहान मुलासारखा आत शिरला. मी दारात होतो. आतून ओरडला, “अरे, ये लवकर! मीच बरोबर होतो!” आणि खदाखदा हसला. तसं हसताना आपण दोघांनी तरी त्याला कितीदा ऐकलंय? मग छत खाली आलं. मी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या, ओ आली नाही.

मागचे दगड उचलायचे तर पुढचं देऊळ आड येतं. ते आता त्या ढिगाऱ्यावरच रेललंय. एकेक दगड नंबर घालून उतरवायचा तर हिवाळा उजाडेल. साहेब म्हणतात, राहू द्या त्याला त्याच्या देवळात. ऐकायला बरं वाटतं. दादाला विचारलं असतं तर तोही हेच म्हणाला असता, मला ठाऊक आहे. पण चिमणीला काय सांगायचं, बाबा कुठे आहे?

उद्या यंत्र येतंय. दोन्ही देवळं जाणार. अर्ज मी दिलाय, सख्खा भाऊ म्हणून.

तुम्हाला मुद्दाम विचारलं नाही. हे पत्र हाती पडेल तेव्हा सगळं झालेलं असेल. तुम्ही चिडून म्हणायचात ना, ती देवळं एकदाची पडू देत, म्हणजे माणूस घरी येईल. ते आठवून जिवाला लावून घेऊ नका. कुणी विचारलं तर सांगा, दिराने परस्पर केलं.

त्या बैठकीवर त्याला काय दिसलं, ते आता कुणालाच कळणार नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

दादाला घेऊन येतो. चिमणीला तेवढा वेळ शेजाऱ्यांकडे ठेवा. आणि वहिनी, हात जोडतो, चादर उघडू नका.

दादाने ज्याला जुनं ते फक्त सांभाळायला शिकवलं, तो
तुमचा दीर