मामाच्या वावराचा पंचनामा

पातूर, २६ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून आई म्हणाली पत्रच लिही. बरंच झालं. हे मला फोनवर बोलताही आलं नसतं.

अतिवृष्टीचे पंचनामे सुरू आहेत. तलाठी झाल्यापासूनचं हे माझं पहिलंच मोठं काम. नदीकाठच्या वावरांत चपला हातात घेऊन उतरावं लागतं. तानुबाईंच्या वावरातली काळी माती खरडून गेली, खालचा मुरूम उघडा पडलाय. बांधावर उभ्या राहून त्यांनी विचारलं, "बाई, इथं सोयाबीन होतं, असं लिहाल ना?"

मग आईच्या भावाचं, खुशालमामांचं वावर आलं. ते उंचावर आहे. पाणी आलं तसं उतरलं. तूर हिरवीगार, सोयाबीनच्या शेंगा भरलेल्या. एक तृतीयांशाच्या वर पीक गेलं असेल तरच मदत मिळते. मामा म्हणाले, सगळ्यांचं लिहून राहिली, माहंही लिही, सरकारचं काय जाते? कॉलेजची सगळी वर्षं मी त्यांच्याच घरी जेवले, हे ते बोलले नाहीत. मामी बोलल्या.

मी दिसलं तेच लिहिलं. मामा पाठ फिरवून निघून गेले. आता धाकट्या आरतीच्या लग्नात ते आलेच नाहीत तर आई काय करेल, हेच डोक्यात आहे.

आईला नमस्कार. माझ्यावर रागावू नका.

तुमची,
वर्षाली

वलगाव, ५ ऑक्टोबर

चि. वर्षालीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुहा मामा येऊन गेला. ओसरीत बसून असा बोलला की माह्यासारख्या बहिऱ्यालेही सगळं ऐकू आलं. म्हणे, पोरीले यासाठीच शिकवलं का? तुह्या आईनं त्याच्यापुढं ताट ठेवलं.

मी त्याले म्हटलं, "खुशालराव, आमचंही सोयाबीन गेलं. इथचा तलाठी चिखलात उतरते का नाही, याची मी वाट पाहून राहिलो. तुमच्या गावात उतरली ते माही पोरगी हाये." त्यानं तोंड फिरवलं. जेवला मात्र पोटभर.

लग्नाची काळजी करू नको. तो नाही आला तर आरतीच्या मागं मी उभा राहीन. तुही सही मात्र बदलू नको. अन् गमबूट घे पोरी. एका हातात चपला धरून सरकारी काम कसं करते तू?

आईचा जीव तुह्यापाशीच असते, तब्येत सांभाळ.

शालिकराम

पातूरजवळून, १४ डिसेंबर

चि. वर्षालीस,
अनेक आशीर्वाद.

फोन हाती घेतला अन् तसाच ठेवला, लिहूनच सांगतो. मदतीचे पैसे गावात जमा झाले. तानुबाईनं ट्रॅक्टरनं गाळाची माती आणून वावरात टाकणं सुरू केलं. ट्रॅक्टर माहाच हाये. डिझेलपुरते पैसे घेतो. आरतीच्या लग्नाची तारीख कळव, मामाची जागा मी कोणाले देत नाही.

काल पारावर गावातल्या चंदननं चार माणसांत मले डिवचलं. म्हणे, भाची तलाठी अन् मामाचं यादीत नाव नाही, काय उपयोग? दोन महिन्यांआधीचा असतो तर मान खाली घातली असती. मी त्याले सांगतलं, "माहं नाव नाही, म्हणून यादीतल्या तुह्या नावावर कोणी बोट ठेवत नाही."

मग बाजूच्या म्हाताऱ्यानं विचारलं, कोणाची पोरगी हाये हे? मी उभा राहून सांगतलं, माह्या घरची.

राग गेला, माया होती तशीच हाये.

तुहा मामा,
खुशाल