चकलीच्या डब्यातली पानं

आई, तुझे गुडघे कसे आहेत? बाबांचा दमा? आत्याला नीट दिसतं का? तिकडे दुखणी उरत नसतील, पण विचारल्याशिवाय माझी लेखणी पुढे सरकत नाही.

लग्नात मी तुझ्याकडे कोऱ्या वह्या मागितल्या होत्या. तू पितळी सोऱ्या दिलास. "आधी चूल, मग लेखणी," म्हणालीस. मी सातवी शिकलेली. तो सोऱ्या घेऊन लखनौला आले, आणि मुलं मोठी झाल्यावर मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमधून फराळाच्या ऑर्डरी घ्यायला लागले. हिशेब साधा होता: त्या कमाईतून वरकामाला बाई ठेवायची आणि दुपार लिहायला मोकळी करायची. कसली मोकळी? दसऱ्याला भाजणी, संक्रांतीला वड्या, उन्हाळ्यात पापड. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. चकलीच्या डब्यात तेल टिपायला मी माझ्याच गोष्टींची कच्ची पानं घालायचे. लेक हसायची, "मम्मी, इसे पढ़ेगा कौन? चलो, तेल तो सोखेगा." मराठी बोललेलं तिला कळायचं, वाचता कधीच आलं नाही. तेही मीच शिकवायचं राहिलं.

एका दिवाळीनंतर एअर फोर्समधल्या एक वहिनी डबा परत द्यायला आल्या. दारातच म्हणाल्या, "काकू, चकली खुसखुशीत होती हो. पण ती बाई माहेराहून सासरी परत गेली की नाही? पान तिथंच संपलं."

मला आधी कळेचना. मग म्हटलं, "पुढचं पुढच्या डब्यात."

तीन डबे गेले. तेवढे महिने मी लेखिका होते. मग त्यांची बदली निघाली. जाताना पत्ता लिहून दिला, "शेवट पाठवा हं, विसरू नका." मी म्हटलं, "या चकल्यांतून उसंत मिळाली की पाठवते."

पाठवला नाही. तेव्हापासून तुझ्या सोऱ्याच्या नावानं बोटं मोडतेय. आता हात कापतात, सोऱ्या माळ्यावर आहे, दुपारभर वही उघडी असते. हे पत्रही तिच्यातच राहणार. म्हणून सांगते, उसंत तेव्हाही होती. ती बाई सासरी परत निघायला माहेरच्या दारात पिशवी घेऊन उभी राहते आणि तिची आई काय म्हणते, तेच मला लिहिता येत नाही. तू काय म्हणाली असतीस? लवकर कळव. वहिनींचा पत्ता मी जपून ठेवलाय.